उतारा

दाइम्योला मराठीत काय म्हणायचं
यातच पहिला आठवडा गेला.
सरदार म्हटलं तर कुणाच्या दरबारात रुळलेला वाटतो,
संस्थानिक म्हटलं की डोक्यावर शिरपेच येतो,
खोत म्हणावं तर आमच्या घणसोलीतले म्हातारे
अजून तोंड फिरवतात.
शेवटी नुसतं 'धनी' लिहिलं, पेन्सिलीनं.

हाझामा-सान महापेला व्हॉल्व्हच्या कारखान्यात अकरा वर्षं,
मी त्यांची दुभाषी.
निवृत्त होऊन परत जाताना
डब्याच्या पिशवीतून झेरॉक्स दिल्या, बत्तीस पानं,
त्सुरुहाताच्या कुणा धन्याची खर्चवही, कारभाऱ्याच्या हातची.
"तुमचे पूर्वज?"
ते हसले. तेवढ्यात सिग्नल सुटला.

वहीत सगळं आहे.
भात बारा हजार कोकु,
ओसाकाच्या सावकाराचं व्याज,
धनी एक वर्ष गडावर, एक वर्ष एदोत, शोगुनच्या नजरेखाली.
बायकामुलं मात्र कायम एदोतच.
ओलीस हा शब्द कारभारी कुठेच लिहीत नाही,
लिहितो, 'तिकडील मंडळींचा कोळसा.'

आणि सन अठराशे एकसष्ट, एदोच्या वेशीपाशी:
'माणसे सत्तावन्न, रोजाने.
अंगरखे आपले, संध्याकाळी परत घ्यावे.
एकाने गवती चप्पल हरवली, मजुरीतून कापली.'
कारण शहरात शिरताना
मिरवणूक होती त्याहून मोठी दिसायला हवी.

या ओळीपाशी मी अडले नाही.
कळव्याचा नाका मला माहीत आहे.
सातच्या आत टेम्पो येतो,
रंगारी, बिगारी, फरशीवाले
त्या दिवशीच्या रंगाचे फेटे बांधून चढतात,
तीनशे रुपये आणि पुलाव.
फेटे मोजून परत घेतात.

पुढच्या वर्षी हुकूम आला, मंडळींना घरी नेलं तरी चालेल.
धनीणबाई एकोणतीस वर्षांची,
त्या घरी पहिल्यांदाच निघाली होती.
कारभारी लिहितो, 'मेणे चार.'

मग शोगुनही गेला.
आणि एक पान सरकारी जपानीतलं,
महिनाभर मला जमेना.
रविवारी बाबांच्या कपाटात गॅसचं पुस्तक शोधताना
सिडकोची जुनी नोटीस सापडली, घडीवर फाटलेली:
'सदर मिळकतीचा शांततामय कब्जा
विहित मुदतीत द्यावा.'
शब्द न् शब्द बसला.
गड, चार बुरूज, देवदारांची रांग,
तेवीस पायऱ्यांची विहीर:
सदर मिळकत.
बाबांनी विचारलं, काय गं, साडेबारा टक्क्यांचं काही आलं का?

शेवटच्या पानावर अक्षर बदलतं.
हे धन्याचं. शाई जाड, घाई नाही.
त्या सकाळी मेणा मागवला, तर उचलायला कुणी नव्हतं,
आठ महिन्यांचा पगार बाकी.
तो चालत खाली आला,
ज्या वाटेनं तेवीस वर्षं
पडद्याआड बसून गेला-आला होता.
लिहितो,
'हा उतार एवढा उभा आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.'

मूळ शब्द नुसता 'साका'.
त्याला वर-खाली नसतं.
उतरणाऱ्याला उतार,
मेणा खांद्यावर असलेल्याला चढ.
जपानीत ते ठरवावं लागत नाही,
मला लागलं.
तीनदा खोडून उतारच ठेवला,
कारण बोलणारा तो होता.

हाझामा-सानना तेवढंच कळवलं.
रात्री उशिरा उत्तर आलं:
वही आजोबांनी रद्दीतून विकत घेतली.
आमचे खापरपणजोबा तीत आहेत.
नावानं नाहीत, सत्तावन्नात आहेत.
आणि त्या चपलेची गोष्ट
आमच्या घरात वेगळी सांगतात.